मातीच्या कणाचे माप

भाषेच्या अभ्यासकाने मातीविषयी बोलावे, याचे कारण आपल्या हैदराबादच्या परिसरातच आहे. पटनचेरूच्या इक्रिसॅट संस्थेच्या (स्थापना १९७२) आवारात काळी रेगडी व तांबडी चलका शेजारी नांदतात. शेतकऱ्याने त्या चिमटीत चोळून ओळखल्या. शास्त्राने वाळू चाळली आणि चाळणीतून निसटणारे कण पाण्यात मोजले. व्यास निम्मा, तर तळाशी जाण्याचा वेग चौथाई, हे स्टोक्सच्या १८५१ च्या नियमातून निघते. त्यावरच रॉबिन्सनची पिपेट-पद्धती (१९२२) व बुयुकसची हायड्रोमीटर-पद्धती (१९२७) उभ्या राहिल्या. रेगडीत ०.००२ मिलिमीटरहून बारीक कण विपुल. म्हणूनच ती पावसात चिकटून नांगर अडविते. पावसाळ्यात ती पडीक ठेवून रब्बीची ज्वारी पेरणाऱ्यास आळशी म्हणणे अन्यायाचे होय. त्याच्या चिमटीतले ज्ञानच शास्त्राने आकड्यांत लिहिले.