चैत्रात झडलेलं शिंग

परतवाड्याच्या बाजारात आमचं काष्ठौषधीचं दुकान होतं. हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, वावडिंग यांच्या रांगेत एका पत्र्याच्या डब्यात सांबरशिंगाचे करवतीने कापलेले तुकडे ठेवलेले असत. लेकराची छाती भरली, कुणाच्या बरगडीत चमक निघाली, मुका मार लागून सूज आली की गिऱ्हाईक येऊन बोटभर तुकडा मागायचं. घरी तो सहाणेवर पाण्यात उगाळायचा आणि लेप कोमट करून लावायचा. वैद्य मंडळी मोठे तुकडे नेत. रुईच्या चिकात भिजवून, पुटं देऊन ते शृंगभस्म करत आणि खोकल्यावर, छातीच्या दुखण्यावर देत. विदर्भातच नव्हे, कोकणात आणि देशावरही जुन्या घरांतल्या औषधांच्या बटव्यात हा तुकडा हमखास असे. औषधाचं सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते शिंग जंगलातून कोण शोधून आणतं, कसं शोधतं, हे विचारणारं माणूस मला क्वचितच भेटलं. मला मात्र लहानपणापासून तेच विचारायचं असे.

काळवीट, चिंकारा, चौसिंगा यांचं शिंग जन्मभराचं असतं, ते गळत नाही. सांबर, चितळ, भेकर यांचं मात्र झडतं आणि पुन्हा नवं येतं. ते शिंग म्हणजे निव्वळ हाड. पावसाळ्यात ते मखमली कातड्याखाली, रक्तावर वाढतं. पावसाळा सरला की नर ते कातडं झाडाच्या खोडावर घासून काढतो, हिवाळ्यात माजावर येऊन त्याच शिंगांनी झुंजतो. माज ओसरला की अंगातलं नराचं द्रव्य उतरतं, शिंगाच्या बुडाशी हाड विरघळू लागतं, आणि फाल्गुन-चैत्राच्या सुमारास ते शिंग आपल्याच वजनाने गळून पडतं. ही आमच्या भागातल्या सांबराची रीत. चितळाचं वेळापत्रक वेगळं आणि सैल. मध्य भारतातले पुष्कळ चितळ भर उन्हाळ्यात टणक शिंगं मिरवतात आणि पावसाळा सरताना ती टाकतात.

चैत्र म्हणजे मेळघाटात मोहाचा हंगाम. सगळी मेख इथे आहे. आमच्या दुकानात शिंगं आणणारे एक वयस्कर कोरकू गृहस्थ होते. गावचे पटेल, म्हणून वडीलही त्यांना पटेलबाबा म्हणत. ते सांगायचे, शिंगासाठी म्हणून जंगलात कुणी जात नाही. जायचं मोहफुलं वेचायला, आणि नजर शिंगावर ठेवायची. मोह रात्री गळतो, तो खायला सांबर रात्री झाडाखाली येतो, आणि माणसं पहाटे टोपल्या घेऊन पोचतात. फुलं नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जमीन साफ केलेली असते. तिथे पडलेलं शिंग लपत नाही.

पण पटेलबाबांचं खरं कसब मोहाच्या झाडापासून लांब गेल्यावर दिसायचं. सांबर दिवसा डोंगराच्या सावलीच्या अंगाला, दाट जागी बसतो आणि अंधार पडला की पाण्याला उतरतो. चैत्रात सिपनासारख्या नद्यांचं वाहतं पाणी आटून डोह तेवढे उरतात, त्यामुळे कोणत्या डोंगराचा सांबर कोणत्या डोहावर येणार, हे ठरलेलं असतं. मग त्या दोन जागांमधली वाट धरायची. तिच्यावरही सगळीकडे बघत बसायचं नाही. वाट जिथे नाला ओलांडते, जिथे जनावर काठावरून उडी घेतं, तिथे ढिल्या झालेल्या शिंगाला हिसका बसतो. वाकलेल्या बांबूखालून, वेलींच्या जाळीतून ते डोकं खाली घालून जातं, तिथेही शिंग अडकून निखळतं. चाटणाची खारी माती आणि चिखलाची लोळण या दोन जागा तर कधी चुकवायच्या नाहीत.

दिवाळीच्या सुमारास साल सोललेली खोडं दिसली की ती ध्यानात ठेवायची, असंही ते सांगत. त्या टापूत मोठा नर आहे, एवढं त्यावरून कळतं. शोधायची वेळ सकाळची, ऊन तिरपं असताना. सागाच्या तपकिरी पाचोळ्यात तपकिरी शिंग दिसत नाही, पण घासून घासून पांढरी पडलेली त्याची टोकं तिरप्या उन्हात चमकतात. डोक्यावर ऊन आलं की ती चमक गेली. एक शिंग सापडलं की दुसरं त्याच वाटेवर पुढेमागे शोधायचं, कारण जोडीतलं दुसरं काही तासांत नाहीतर थोड्या दिवसांत पडतंच. ताज्या शिंगाच्या बुडाला लालसर झाक असते, ते हाताला जड लागतं आणि सहाणेवर दुधासारखं उतरतं. गेल्या सालचं ऊनपाऊस खाल्लेलं शिंग पांढरंफटक, भेगाळलेलं, हलकं. दुकानदार ते घेत नसे.

शोधणाऱ्याचा खरा स्पर्धक साळिंदर. कॅल्शियमसाठी ते शिंगं कुरतडतं, आणि बिळापर्यंत ओढूनही नेतं. उंदीर-घुशी कुरतडतात, खुद्द हरणंही पडलेलं शिंग चघळतात. एकोणिसाव्या शतकात सांबर दरवर्षी शिंगं टाकतो की नाही, यावर गोऱ्या शिकाऱ्यांत बराच वाद चाले. एवढी सांबरं असून झडलेली शिंगं इतकी थोडी कशी, ही त्यातली एक शंका. साळिंदराचं बीळ ठाऊक असलेल्या माणसाला त्या शंकेचं उत्तर ठाऊक होतं. पटेलबाबा बिळाच्या तोंडाशी हमखास डोकावत, आणि अर्धवट कुरतडलेली शिंगं तिथून आणत.

हे सगळं एका कुटुंबाच्या मीठमिरचीपुरतं चालत होतं तोवर जंगलाला त्याचा जाच नव्हता. पण मागणी सहाणेपुरती राहिली नाही. इंग्लंडमधल्या शेफिल्डचे सुरीवाले मुठींसाठी हिंदुस्थानी सांबराचं शिंग पसंत करत, कारण ते आतून भरीव असतं आणि त्याची खडबडीत पाठ हातात घट्ट बसते. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात वनोपजाच्या व्याख्येत मध, मेण, कातडी यांच्याबरोबर शिंगंही आहेत. म्हणजे वाटेत सापडलेलं शिंग हा सरकारी माल झाला होता. मोहाच्या टोपलीतून येणारी वस्तू व्यापाराच्या पोत्यात गेली, आणि पोतं भरायचं तर चैत्राची वाट कोण बघणार?

झडलेलं शिंग ओळखणं सोपं आहे. त्याचा तळ गोल, खडबडीत, किंचित फुगीर असतो आणि भोवती कंगोऱ्यांचं कडं शाबूत असतं. मारलेल्या जनावराच्या शिंगाला कवटीचं हाड चिकटलेलं असतं, नाहीतर बुडाशी करवतीची खूण दिसते. पण शिंगाचे तुकडे केले की हा पुरावा संपतो. आमच्या दुकानातल्या डब्यातला प्रत्येक तुकडा झडलेल्या शिंगाचा होता, असं वडीलही छातीवर हात ठेवून सांगू शकले नसते. म्हणून १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा या शिंगांत झडलेलं आणि मारलेलं असा भेद करत नाही, ते मला योग्य वाटतं. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची निर्यातही बंद झाली, आणि घरात वारशाने आलेल्या अशा वस्तू जाहीर करायला २००३ साली सरकारने १८० दिवसांची मुदत दिली. आमचा डबा त्याच्या कितीतरी आधी रिकामा झाला होता. १९७४ साली मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला, आणि वडिलांनी हा जिन्नस ठेवणंच सोडलं.

कायदा योग्य होता, पण त्याच्याबरोबर पटेलबाबांसारख्यांचं ज्ञानही चोरीच्या मालात जमा झालं, हे मला सलतं. सांबर कोणत्या वाटेने पाण्यावर येतो, कुठे बसतो, कधी शिंग टाकतो, हे त्यांनी पायांनी मिळवलेलं होतं. जंगलाची राखण करणाऱ्यांना याहून उपयोगाचं काय असणार? मेळघाटात, ताडोब्याच्या आसपास, नवेगावकडे ही वाट चाललेली म्हातारी माणसं अजून आहेत. तिथे राहणाऱ्या, शिकवणाऱ्या, वनखात्यात काम करणाऱ्या वाचकांनी त्यांच्याजवळ बसावं आणि ते सांगतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावं. आणि जंगलात हिंडताना पाचोळ्यात झडलेलं शिंग दिसलं, तर ते डोळे भरून बघा, पण तिथेच राहू द्या. ते घरी आणणं गुन्हा आहे, आणि ते साळिंदराच्या वाट्याचं आहे.