खारदुंगलाच्या अलीकडचं पाणी

लेहला गेलेला प्रत्येक जण खारदुंगला खिंडीत पाटीसमोर फोटो काढतोच. तिथे बरीच वर्षं १८,३८० फूट असं लिहिलेलं होतं. खरी उंची ५,३५९ मीटर, म्हणजे साधारण १७,५८० फूट. असो. ही खिंड म्हणजे दोन पाणलोटांची सीमा आहे, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. उत्तरेचा बर्फ वितळून श्योक नदीला जातो, दक्षिणेचा लेहच्या ओढ्यातून सिंधूला.

लेहला वर्षाला पाऊस पडतो जेमतेम १०० मिलिमीटर. म्हणजे सगळी शेती वितळलेल्या बर्फावर. आणि इथेच खरी गोची आहे. जवाची पेरणी एप्रिल-मेमध्ये, पण वरच्या हिमनद्यांचं पाणी नीट वाहायला लागतं जूनमध्ये.

मग आहे त्या पाण्याचं काटेकोर शेड्युलिंग आलं! रात्रीचं पाणी ‘झिंग’ नावाच्या तळ्यात साठवायचं, दिवसा सोडायचं. कुणाच्या शेताला कधी, हे ‘चुरपोन’ ठरवणार. आपल्या खानदेशातल्या फड पद्धतीत पाटकरी असतो ना, तसाच काहीसा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डोग्रा राजवटीत हे नियम ‘रिवाज-ए-आबपाशी’ म्हणून कागदावरही उतरले.

पुढे १९८७ च्या सुमारास चेवांग नोर्फेल या सरकारी सिव्हिल इंजिनिअरने वेगळंच डोकं चालवलं. हिवाळ्यात ओढ्याचं पाणी वाया जातं, तर ते डोंगराच्या सावलीत वळवायचं, दगडी बांधांमागे संथ करायचं आणि थरांवर थर गोठू द्यायचं. ही कृत्रिम हिमनदी गावाजवळ, कमी उंचीवर असल्यामुळे खरीच्या आधी वितळते. म्हणजे ऐन पेरणीला पाणी! २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता आपल्याकडे येऊ. लडाख पर्यटकांना १९७४ मध्ये खुलं झालं. आज लेहमध्ये हॉटेलं आहेत, फ्लश टॉयलेट आहेत आणि त्यांच्यासाठी बोअरवेल आहेत. चुरपोन ओढ्याच्या पाण्याची पाळी लावू शकतो, बोअरच्या मोटरची नाही. जमिनीखालचं पाणीही त्याच बर्फाचं, पण जो खोल खणेल त्याचं. पुढच्या ट्रिपला रूम बुक करताना तिथे लडाखी पद्धतीचं बिनपाण्याचं, खत करणारं टॉयलेट आहे का, एवढं तरी विचारून बघा.