गृहकर्ज विक्री सोडून दुसऱ्या विक्री क्षेत्रात जायचंय? आधी कमिशनचं गणित समजून घ्या

बँका आणि गृहवित्त कंपन्यांना कर्जाच्या फाईल मिळवून देणाऱ्या एजंटांना डीएसए म्हणतात. त्यांचं उत्पन्न कर्ज वाटपाशी जोडलेलं असतं, त्यामुळे घरांचा बाजार थंडावला की कमिशनही आटतं. अशा वेळी अनेक जण म्युच्युअल फंड, विमा किंवा घरविक्री या क्षेत्रांकडे वळण्याचा विचार करतात. काम विक्रीचंच असलं, तरी पैसे हातात येण्याची पद्धत आणि परवान्याचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे आहेत.

व्याजदराचा फटका कसा बसतो?

मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 टक्क्यांवरून 6.5 टक्क्यांवर नेला. याचा परिणाम एका उदाहरणातून पाहू. 50 लाखांच्या 20 वर्षांच्या कर्जाचा हप्ता 6.5 टक्के व्याजाने सुमारे 37,300 रुपये होतो, तर 9 टक्क्यांनी सुमारे 45,000 रुपये. हप्ता वाढला की त्याच पगारावर मिळणारं कर्ज कमी होतं. काही ग्राहक कमी रकमेचं कर्ज घेतात, काही घरखरेदीच पुढे ढकलतात. डीएसएचं नुकसान दोन्हीकडून होतं.

म्युच्युअल फंड वितरक

यासाठी एनआयएसएमची 'सिरीज व्ही-ए' परीक्षा द्यावी लागते. ती 100 गुणांची असून उत्तीर्ण होण्यासाठी 50 गुण लागतात. त्यानंतर अॅम्फीकडून एआरएन हा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो.

कर्ज विक्रीतून येणाऱ्यांना सर्वात मोठा धक्का बसतो तो इथल्या कमिशनचा. सेबीने 2018 मध्ये आगाऊ कमिशन बंद करून 'ट्रेल' पद्धत लागू केली. ग्राहकाची गुंतवणूक जोवर टिकून आहे, तोवर तिच्या मूल्यावर थोडं थोडं कमिशन मिळत राहतं.

समजण्यासाठी ढोबळ दर धरू. 50 लाखांच्या कर्जावर अर्धा टक्का कमिशन म्हणजे एकरकमी 25,000 रुपये. दरमहा 10,000 रुपयांच्या एका एसआयपीवर वार्षिक 0.8 टक्के ट्रेल धरलं, तर पहिल्या वर्षी हाती येतात जेमतेम 520 रुपये. असे 50 ग्राहक जोडले तरी वर्षाचे 26,000. मात्र हेच ग्राहक टिकले, तर बाजारातली वाढ न धरताही पाचव्या वर्षी ही रक्कम सुमारे 2.18 लाखांवर जाते. म्हणजे पहिली दोन-तीन वर्षं काढण्याची सोय आधीच हवी.

विमा एजंट

विमा एजंट होण्यासाठी किमान दहावी उत्तीर्ण असावं लागतं. प्रशिक्षण आणि परीक्षाही असते. वैयक्तिक एजंटला एकच आयुर्विमा, एकच सर्वसाधारण विमा आणि एकच आरोग्य विमा कंपनी निवडता येते. अनेक बँकांचे दर दाखवून सौदा जुळवण्याची सवय असलेल्यांना हे बंधन जाणवतं. नियमित हप्त्याच्या आयुर्विमा पॉलिसीत पहिल्या वर्षी जास्त आणि पुढे कमी कमिशन मिळतं. ग्राहकाने हप्ते थांबवले, तर पुढचं उत्पन्नही थांबतं.

घरविक्री एजंट

बिल्डर, करारनामा, मुद्रांक शुल्क, कागदपत्रांची छाननी या गोष्टी कर्जवाल्यांना परिचयाच्या असतात. त्यामुळे हे क्षेत्र त्यांना सर्वात जवळचं वाटतं. मात्र महारेराने 2023 मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. नोंदणीचं शुल्क व्यक्तीसाठी 10,000 रुपये असून ती पाच वर्षं चालते. रेरा नोंदणी आवश्यक असलेल्या प्रकल्पातलं घर नोंदणीशिवाय विकल्यास दिवसाला 10,000 रुपये दंड होऊ शकतो. त्याची कमाल मर्यादा मालमत्तेच्या किमतीच्या 5 टक्के आहे.

एक धोका मात्र इथेही तसाच राहतो. व्याजदर वाढले की घरांची विक्रीही मंदावते. मंदीला कंटाळून कर्ज विक्री सोडणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यायला हवं.

जुने ग्राहक सोबत नेता येतात का?

ओळख आणि विश्वास सोबत येतो, ग्राहकांची यादी नाही. कर्जासाठी दिलेले पॅन, पगारपत्रक, मोबाइल क्रमांक हे त्या कर्जापुरते दिलेले असतात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचा गाभाही हाच आहे : ज्या कामासाठी संमती दिली, त्याच कामासाठी माहिती वापरायची. नोकरीच्या करारातही अनेकदा गोपनीयतेचं कलम असतं.

सोडण्यापूर्वी काय तपासावं?

- मंजूर झालेल्या, पण वाटप बाकी असलेल्या फाईलचं कमिशन नोकरी किंवा करार संपल्यावर मिळणार का?
- कर्ज लवकर बंद झाल्यास कमिशन परत घेण्याची अट आहे का?
- नोकरीत असताना नव्या क्षेत्राची परीक्षा देता येते का? परवाना मात्र कराराची अट पाहूनच घ्यावा.
- नव्या कामातला पहिला पैसा किती महिन्यांनी येईल? तोवरचा घरखर्च आणि स्वतःच्या कर्जाचे हप्ते भागतील इतकी बचत आहे का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर राजीनामा थोडा पुढे ढकलून आधी परीक्षा आणि बचत पूर्ण करणं जास्त सोयीचं ठरतं.