लिखित मुक्त भूमिकाक्रीडा : नियम, पंच आणि वाक्य

१

कल्पित पात्राची भूमिका स्वीकारावयाची, इतरांनी स्वीकारलेल्या पात्रांशी लेखनाच्या द्वारा व्यवहार करावयाचा आणि त्यातून सर्वांचे मिळून एक कथानक घडवीत जावयाचे, ह्या प्रकाराला ‘मुक्त भूमिकाक्रीडा’ असे नाव देता येईल. हा प्रकार नाटकाहून भिन्न आहे. कारण येथे पूर्वलिखित संहिता नसते आणि निराळा प्रेक्षकवर्गही नसतो. जो वाचतो तोच पुढचे लिहितो. तो कादंबरीहूनही भिन्न आहे. कारण येथे कर्तृत्व एका हाती नसते. संगणकजालाच्या प्रसारामुळे ह्या क्रीडेला जगभर अनुयायी मिळाले आहेत.

‘मुक्त’ ह्या विशेषणाने मात्र एक गैरसमज रूढ केला आहे. ह्या क्रीडेत फासे नसतात, नियमपुस्तक नसते आणि पुष्कळदा पंचही नसतो. तेव्हा तीत नियमच नसावेत, अशी नवागताची समजूत होते. क्रीडेचा इतिहास पाहता ही समजूत टिकत नाही. नियम नाहीसे झाले नाहीत. त्यांचे स्थान बदलले. ते प्रथम पुस्तकात होते, पुढे पंचाच्या बुद्धीत गेले आणि अखेर वाक्याच्या रचनेत येऊन राहिले. हे स्थलांतर कसे घडले आणि वाक्याला हा भार कितपत पेलला, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२

नियम आणि पंच ह्यांमधील वाद प्रथम स्पष्टपणे उद्भवला तो प्रशियाच्या सैन्यात. इ. स. १८१२ मध्ये गेओर्ग लेओपोल्ड फॉन राइस्विट्स ह्याने राजा तिसरा फ्रीड्रिख व्हिल्हेल्म ह्यास एक युद्धक्रीडा सादर केली. तिला सैनिकी शिक्षणात उपयोगी पडेल असे रूप दिले ते तोफखान्यात अधिकारी असलेल्या त्याच्या मुलाने, १८२४ मध्ये. १ : ८००० प्रमाणाच्या नकाशावर दोन्ही पक्ष आपल्या तुकड्या हलवीत. ते आपल्या आज्ञा पंचाकडे देत आणि पंच नियम व फासे ह्यांच्या आधारे परिणाम ठरवी. सरसेनाधिकारी म्युफ्लिंग ह्याच्या पसंतीनंतर ही क्रीडा सैन्यात सर्वत्र पोहोचली.

ह्या रचनेत एक महत्त्वाचे तत्त्व अनुस्यूत आहे. खेळणारा फक्त आपला हेतू व्यक्त करतो. त्या हेतूचे फळ सांगण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. ‘टेकडीवर चाल करावी’ एवढे तो म्हणू शकतो, ‘टेकडी घेतली’ असे म्हणू शकत नाही. प्रयत्न आणि परिणाम ह्यांची ही फारकत पुढील सर्व इतिहासाचा पाया आहे.

काळाच्या ओघात नियम वाढले, कोष्टके वाढली आणि खेळ मंदावला. तेव्हा १८७६ मध्ये यूलिउस फॉन व्हेर्डी द्यु व्हेर्न्वा ह्या सेनाधिकाऱ्याने एक धाडसी सूचना केली. फासे व कोष्टके बाजूस सारावीत आणि अनुभवी पंचाने आपल्या तारतम्याने निर्णय द्यावा, असे त्याने प्रतिपादन केले. ह्या पद्धतीला ‘मुक्त’ युद्धक्रीडा हे नाव मिळाले. येथे मुक्तता पंचाला मिळाली, खेळणाऱ्याला नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. नियमांचे ओझे जितके उतरले तितकेच पंचावरील विश्वासाचे ओझे वाढले.

३

ह्याच शतकात, प्रशियाशी काहीही संबंध नसलेल्या एका इंग्रज घरात, पंचावाचून चालणारी लिखित क्रीडा आकारास आली होती. जून १८२६ मध्ये यॉर्कशरमधील हॉवर्थ येथील धर्मोपदेशक पॅट्रिक ब्रॉण्टी ह्यांनी मुलासाठी लाकडी शिपायांचा संच आणला. शार्लट, ब्रॅन्वेल, एमिली आणि ॲन ह्या चौघा भावंडांनी एकेक शिपाई आपला म्हणून निवडला. शार्लटचा शिपाई ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि ब्रॅन्वेलचा बोनापार्ट. ह्या खेळातून ‘ग्लास टाउन’ हे कल्पित नगर आणि पुढे ‘अँग्रिया’ हे राज्य निर्माण झाले. त्यांची वृत्तपत्रे, इतिहास व कथा मुलांनी सूक्ष्म अक्षरांत लिहून काढल्या.

भूमिकाक्रीडेच्या अभ्यासकाला येथे दोन गोष्टी लक्षणीय वाटतील. पहिली म्हणजे पात्राची मालकी : प्रत्येक शिपायाला स्वतःचा धनी होता. दुसरी म्हणजे त्या मालकीवरील आक्रमणाची सोय. चौघेही भावंडे ह्या जगात ‘जिनी’च्या, म्हणजे अलौकिक शक्तींच्या, रूपाने वावरत आणि मेलेल्या वीरांना पुन्हा जिवंत करीत. परिणाम उलटविण्याचे असे सामर्थ्य सर्वांच्याच हाती असले म्हणजे मरणालाही अर्थ उरत नाही. १८३१ च्या सुमारास एमिली व ॲन ह्या धाकट्या बहिणींनी वेगळे होऊन ‘गोंडाल’ हे स्वतंत्र बेट कल्पिले. वडील भावंडांच्या वर्चस्वातून सुटण्याची इच्छा हे त्याचे बहुधा एक कारण असावे.

गोंडालची क्रीडा बालपणाबरोबर संपली नाही. ३० जून १८४५ रोजी ह्या दोघी बहिणी यॉर्कच्या प्रवासास निघाल्या. त्या प्रवासात आपण गोंडालमधील पात्रे होऊन वावरलो, अशी नोंद एमिलीने पुढच्याच महिन्यात लिहिलेल्या दिनांकपत्रात आहे. त्या वेळी एमिली सत्तावीस वर्षांची होत आली होती आणि ॲन पंचवीस वर्षांची होती. येथे पंच नव्हता, नियमपुस्तक नव्हते. होता तो दोन बहिणींचा दीर्घ सहवास. मुक्त क्रीडेला पंच नसला तरी चालतो. पण त्याच्या जागी परस्परांची जाण हवी, एवढे ह्या उदाहरणावरून सिद्ध होते. ही जाण अपरिचितांमध्ये कोठून आणावयाची, हा प्रश्न मात्र त्या घरात उपस्थितच झाला नाही.

४

तो प्रश्न विसाव्या शतकात अमेरिकेत उपस्थित झाला. मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिस–सेंट पॉल ह्या जुळ्या शहरांत युद्धक्रीडेच्या हौशी मंडळींचा एक गट होता. त्यातील डेव्हिड वेस्ली ह्याने चार्ल्स टॉटन ह्याचा १८८० मधील ‘स्ट्रॅटेगोस’ हा अमेरिकन युद्धक्रीडाग्रंथ अभ्यासला होता. पंचाला व्यापक अधिकार देण्याची कल्पना त्याने त्यावरून घेतली. १९६९ मध्ये त्याने ‘ब्राउनश्टाइन’ नावाच्या कल्पित जर्मन गावाचा खेळ मांडला. सेनापतींखेरीज इतर खेळणाऱ्यांना त्याने गावातील व्यक्तींच्या भूमिका दिल्या. खेळ त्याच्या अपेक्षेबाहेर गेला. लोक परस्परांशी गुप्त बोलणी करू लागले आणि नकाशावरील लढाई मागे पडली. वेस्लीला हा प्रयोग फसला असे वाटले. सहभागींना मात्र तोच पुन्हा हवा होता.

त्या सहभागींपैकी डेव्ह आर्नेसन ह्याने ‘ब्लॅकमूर’ हे कल्पित जग रचले. त्याच्या आणि गॅरी गायगॅक्स ह्याच्या सहकार्यातून १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. ह्या खेळाने नियमपुस्तक, फासे आणि पंच ह्या तिन्हींची पुनःस्थापना केली. परंतु त्याचा गाभा संभाषण हाच राहिला : खेळणारा ‘मी दार उघडतो’ असे म्हणतो आणि दारामागे काय आहे ते पंच सांगतो. मिनियापोलिसमधील अशाच खेळगटांचे समाजशास्त्रीय निरीक्षण करून गॅरी ॲलन फाइन ह्याने १९८३ मध्ये ‘शेअर्ड फँटसी’ हा ग्रंथ लिहिला. एकच मनुष्य क्षणात व्यक्ती म्हणून, क्षणात खेळाडू म्हणून आणि क्षणात पात्र म्हणून बोलतो, हे त्याने त्यात दाखवून दिले.

५

संगणकाने ह्या संभाषणाचे लेखनात रूपांतर केले. १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ ह्याने ‘मड’ नावाचे जग रचले आणि पुढे ते काम रिचर्ड बार्टल ह्याने हाती घेतले. येथे पंचाची जागा संगणकाने घेतली. खेळणाऱ्याने आज्ञा टंकित करावी आणि परिणाम यंत्राने सांगावा, अशी ही व्यवस्था होती. म्हणजे राइस्विट्सचीच पद्धत नव्या साधनाने अवतरली.

निर्णायक वळण आले ते १९८९ मध्ये. कार्नेगी मेलन विद्यापीठातील जेम्स ॲस्प्नेस ह्याने रचलेल्या ‘टायनीमड’मध्ये गुण मिळविण्याची चढाओढ गौण ठरली. बोलणे आणि नवी स्थळे रचणे ह्यांना प्राधान्य आले. येथे ‘पोज’ नावाची एक साधी आज्ञा होती. लिहिणाऱ्याने अपूर्णविराम देऊन पुढे काहीही लिहावे आणि यंत्राने त्याच्या आरंभी त्या पात्राचे नाव जोडून ते वाक्य सर्वांना दाखवावे, एवढेच तिचे कार्य. पण भाषेच्या दृष्टीने ही मोठी क्रांती होती. यंत्र आता परिणाम ठरवीत नव्हते. जे वाक्यात लिहिले ते त्या जगात घडले.

जे. एल. ऑस्टिन ह्याने १९५५ मधील हार्वर्ड येथील व्याख्यानांत, जी १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, उच्चारानेच कृती घडविणाऱ्या वाक्यांची मीमांसा केली आहे. रंगभूमीवरील उच्चार त्याने आपल्या विवेचनातून वगळले होते. टायनीमडमधील वाक्य रंगभूमीवरील वाक्यासारखे कल्पित असूनही पूर्णतः कार्यसाधक आहे. तेथे वाक्याखेरीज दुसरी घटनाच नसते.

‘पोज’ आज्ञेने केवळ एका गोष्टीचे संरक्षण केले : वाक्याच्या आरंभीचा कर्ता आपलाच राहील, ह्याचे. त्या वाक्याच्या विधेयात दुसऱ्याच्या पात्राचे काय करावे, ह्यावर यंत्राचा काहीच निर्बंध नव्हता. तो निर्बंध लोकांना संकेताने निर्माण करावा लागला.

६

ह्या व्यवस्थेची कसोटी १९९३ मध्ये लागली. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात पॅव्हेल कर्टिस ह्याने १९९० मध्ये ‘लॅम्डामू’ हे लिखित जग सुरू केले होते. ते काटेकोर अर्थाने क्रीडास्थळ नव्हते, संभाषणस्थळ होते. परंतु त्यातील व्यवहार पात्रांच्या द्वारेच चाले. डिसेंबर १९९२ मध्ये कर्टिसने जाहीर केले की, यापुढे व्यवस्थापक केवळ तांत्रिक कामे पाहतील, सामाजिक तंट्यांत पडणार नाहीत. म्हणजे पंचाने आसन सोडले.

त्यानंतर काही महिन्यांतच एका सहभागीने इतरांच्या पात्रांना कर्ता करून वाक्ये उमटविणारी एक क्लृप्ती वापरली. ती पात्रे स्वतःच हीन लैंगिक कृत्ये करीत आहेत, असे सर्व उपस्थितांच्या पडद्यावर दिसू लागले. त्या पात्रांचे धनी हताशपणे वाचीत राहिले. ज्यूलियन डिबेल ह्याने डिसेंबर १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध केला. कोणाच्या शरीराला स्पर्शही झाला नव्हता, तरी पीडितांना झालेला मनस्ताप खरा होता, हे त्याने नमूद केले आहे. सभा भरली, एकमत झाले नाही. शेवटी एका व्यवस्थापकाने स्वतःच्या जबाबदारीवर त्या पात्राला काढून टाकले. पुढे कर्टिसने मतदानाची पद्धत आणली. ती सर्व प्रश्न सोडवू शकली नाही आणि १९९६ मध्ये व्यवस्थापकांनी सामाजिक निर्णयांची जबाबदारी काही अंशी पुन्हा स्वीकारली.

ह्या प्रसंगाची चर्चा बहुधा नीतीच्या व कायद्याच्या अंगाने झाली आहे. भाषेच्या अंगाने पाहता त्याचे स्वरूप अगदी नेमके सांगता येते : दुसऱ्याच्या नावाला परक्याने क्रियापद जोडले. जेथे व्यक्तीचे अस्तित्व तिच्या वाक्यांपुरतेच असते, तेथे तिचे कर्तृपद हिरावणे म्हणजे तिचा देहच हिरावणे होय.

७

मुक्त भूमिकाक्रीडेत नवागताला जी पहिली शिकवण दिली जाते, तिचे मर्म आता उलगडते. दुसऱ्याच्या पात्रावर झालेला परिणाम परभारे लिहिणे किंवा आपले पात्र अजिंक्य ठरविणे ह्यास इंग्रजी भाषकांत ‘गॉडमॉडिंग’ म्हणतात. ते सर्वत्र निषिद्ध मानले जाते. मराठीत हा नियम दोन क्रियापदांनी स्पष्ट होतो. ‘सेनापतीने हेराच्या मनगटावर वार केला आणि थैली गळून पडली’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले, तरी हेर हे दुसऱ्याचे पात्र असल्यास क्रीडेत ते अग्राह्य होय. ‘सेनापतीने हेराच्या मनगटावर तलवार उगारली’ हे ग्राह्य होय. उगारणे हे उगारणाऱ्याचे क्रियापद आहे. लागणे हे ज्याला लागते त्याचे. ‘हेराला वार लागला’ हे वाक्य लिहिण्याचा अधिकार हेराच्या धन्याचाच. ‘धरू पाहिले’, ‘अडवायला गेला’ ह्यांसारख्या प्रयोगांतही कृतीचा आरंभ सांगितला जातो आणि तिचा शेवट मोकळा ठेवला जातो.

अर्थात ह्या अधिकाराबरोबर एक कर्तव्यही येते. प्रत्येक वार चुकविणाऱ्या पात्राशी कोणी फार काळ खेळत नाही. कधीतरी वार लागू दिला पाहिजे, आणि तो आपल्या हाताने लिहिला पाहिजे. पराभव स्वतः लिहिण्याची ही तयारी हीच मुक्त क्रीडेची खरी दीक्षा होय. म्हणूनच नवागताने प्रथम काही काळ केवळ वाचावे, सामर्थ्याबरोबर उणिवाही असलेले पात्र निवडावे आणि प्रत्येक लेखांश दुसऱ्याला उत्तरास जागा राहील अशा ठिकाणी थांबवावा, असा सल्ला अनुभवी मंडळी देतात.

दुसरा संकेत कंसांचा आहे. पात्राबाहेरचे बोलणे दुहेरी कंसांत लिहिण्याची प्रथा अनेक गटांत आढळते. ‘हा खेळ आहे’ हा संदेश क्रीडेच्या आतूनच सतत दिला जावा लागतो, असे ग्रेगरी बेटसन ह्याने १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखविले होते. कंस हे त्या संदेशाचे लेखनातील चिन्ह ठरते. शंका, नकार आणि क्षमायाचना ह्यांना तेथे स्थान मिळते.

८

राइस्विट्सच्या पटावर हेतू आणि फळ ह्यांच्यामध्ये पंच बसला होता. व्हेर्डीने त्याच्या हातून फासे काढून घेतले. ब्रॉण्टी भगिनींना त्याची गरज पडली नाही. लॅम्डामूने त्याला निरोप दिला आणि काही वर्षांनी परत बोलाविले. मुक्त भूमिकाक्रीडेत त्याचे काम क्रियापदाच्या निवडीकडे आले आहे. हे काम भाषा उत्तम रीतीने करू शकते. पण ती कोणावर सक्ती करू शकत नाही. संकेत मोडण्याचे ज्याने ठरविले त्याला व्याकरण अडवीत नाही, हा १९९३ चा धडा आहे. उगारलेल्या तलवारीपाशी लेखणी थांबविणे हे ज्याच्या त्याच्या संयमावर अवलंबून राहते, आणि त्या संयमावाचून ‘मुक्त’ हे विशेषण बलवानाच्याच सोयीचे ठरते.