पाण्याचा वाटा

अकरावीच्या केमिस्ट्रीत एक गणित हमखास असतं. पाण्यावर गोळा केलेल्या ऑक्सिजनचा दाब काढा. हवेचा दाब दिलेला, तापमान दिलेलं, आणि शेजारी 'ॲक्वियस टेन्शन' नावाचा एक आकडा. पहिल्यातून दुसरा वजा केला की मार्क मिळाले. हा आकडा आला कुठून, हे भाचीने परवा विचारलं, म्हणून हा लेखनप्रपंच.

पाण्याने भरलेली बाटली पाण्यातच उपडी धरायची आणि खालून नळीने वायू सोडायचा, ही युक्ती जुनी. स्टीफन हेल्स या इंग्लिश पाद्र्याच्या 1727 सालच्या पुस्तकात ती सापडते. पण बाटलीत नुसता वायू नसतोच. खालच्या पाण्याची वाफही आत शिरून बसलेली असते, आणि बाटलीतल्या एकूण दाबात तिचाही वाटा असतो. तो किती?

याचं उत्तर दिलं जॉन डाल्टनने. तोच, अणुसिद्धांतवाला. पोटासाठी शिकवण्या करायचा, पण खरं वेड हवामानाचं. 1787 पासून 1844 मध्ये मरेपर्यंत रोज नोंदी केल्या, दोन लाखांवर! पाऊस का पडतो हे कळायचं तर हवेत वाफ किती मावते ते कळायला हवं. त्या काळी बऱ्याच जणांचं मत असं, की साखर पाण्यात विरघळते तसं पाणी हवेत विरघळतं. डाल्टनने बॅरोमीटरच्या नळीत पाऱ्यावर थोडं पाणी सोडलं, नळी वेगवेगळ्या तापमानाला तापवली, आणि पारा किती खाली येतो ते मोजत गेला. वर पोकळी असो की हवा, वाफेचा दाब तेवढाच! तो ठरतो फक्त तापमानावर. 1801 मध्ये मँचेस्टरच्या सभेत त्याने हे वाचलं. (एका वायूचे कण दुसऱ्याच्या कणांना ढकलतच नाहीत, असं कारण त्याने दिलं होतं. ते चुकलं, नियम मात्र टिकला.) पुस्तकातला आकडा म्हणजे त्याच्याच तक्त्याची सुधारलेली आवृत्ती.

आता जरा आपल्याकडे येऊ. माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात 1897 मध्येच मैल्याच्या टाकीवरचा गॅस गोळा करत होते. पुढे जशभाई पटेलांनी 1950 च्या दशकात लोखंडी टोपीचा गोबरगॅस बनवला, आणि खादी ग्रामोद्योगने तो गावोगाव नेला. शेणाच्या काल्यावर तरंगणारी टोपी म्हणजे दुसरं काय, उपडी बाटलीच की!

तेलगावला मामांच्या वाड्यात अशी एक टाकी होती. हिशोब करून बघू. मराठवाडा पठारावर, म्हणून हवेचा दाब 760 नाही, 720 मिलिमीटर धरू. टोपीच्या वजनाचे साधारण 7 मिळवले की 727. मे महिन्यात गॅस 40 अंशांवर असेल तर त्यातले 55 एकट्या वाफेचे, म्हणजे साडेसात टक्के. 15 अंशांवर मात्र जेमतेम 13, दोन टक्केही नाहीत. मधला फरक जातो कुठे? पाणी होऊन पाईपमध्ये साचतो.

थंडीत नेमकं हेच व्हायचं. टाकीतला काला आतून कोमट, पण अंगणातला पाईप पहाटे गार. पाईपच्या खोलगट भागात पाणी साचलं की शेगडी फडफडायची, पिवळी व्हायची आणि भाकरी तव्यावर असतानाच विझायची. मामी म्हणायच्या शेण कमी टाकलं, मामा म्हणायचे टाकी बसवणाऱ्याने फसवलं. यावरून घरात दोन-दोन दिवस अबोला असायचा, नातेवाईक वाचताहेत म्हणून जास्त लिहीत नाही :) शेवटी तालुक्याहून आलेल्या एका मिस्त्रीने पाईपच्या सगळ्यात खालच्या जागी एक साधा कॉक बसवला. त्यानंतर हिवाळ्यात रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी मामी तो उघडून भांड्यात पाणी काढायच्या. जास्त गारठा असला की जास्त निघायचं.