लाल रंग नसलेलं ऑलिंपिक

आमच्या वेबच्या धंद्यात सध्या 'डिझाइन सिस्टीम'ची चलती आहे. नाव भारदस्त, प्रकार साधा. एका कंपनीची दहा वेब ॲप्स असतील तर प्रत्येक टीमने आपापलं बटण आणि आपापला फॉर्म घडवत बसायचं नाही. सुटे भाग एकदाच बनवायचे, सगळ्यांनी तेच वापरायचे. खरी गंमत रंगांची. बटणाच्या कोडमध्ये 'निळा' असं लिहायचंच नाही, 'मुख्य रंग' असं लिहायचं. मुख्य रंग म्हणजे नक्की कुठला, ते एका वेगळ्या यादीत. यादी बदलली की दहाही ॲप्सचा पोशाख बदलतो. या यादीला म्हणायचं थीम.

ही अक्कल संगणकवाल्यांचीच असं आपण धरून चालतो. पण म्युनिकमध्ये १९७२ साली अख्खं ऑलिंपिक असं सजवलं होतं, आणि तेसुद्धा कागद, कापड आणि पत्र्यावर.

हे काम होतं ओटल आयशर यांचं. (आपले ट्रकवाले आयशर वेगळे. अर्थात तेही मूळचे म्युनिकजवळचेच!) हा माणूस १९२२ साली उल्म गावात जन्मला. हिटलरच्या युवक संघटनेत जायला नकार दिला म्हणून याला शाळेची शेवटची परीक्षा देऊ दिली नाही. त्याच गावातली हान्स आणि सोफी शोल ही भावंडं त्याच्या ओळखीची. म्युनिकच्या विद्यापीठात हिटलरविरुद्ध पत्रकं वाटली म्हणून २२ फेब्रुवारी १९४३ रोजी दोघांचा शिरच्छेद झाला. पुढे आयशरने त्यांच्या थोरल्या बहिणीशी, इंगेशी लग्न केलं, आणि दोघांनी माक्स बिल यांच्यासोबत १९५३ साली उल्मला डिझाइनची शाळा काढली. जे. जे. मधून निघालेले आपले सुधाकर नाडकर्णी याच शाळेत शिकले आणि नंतर पवईच्या आयआयटीत डिझाइनचं केंद्र उभारण्यात त्यांचा मोठा वाटा होता. उल्मची शाळा मात्र १९६८ मध्ये बंद पडली.

तोवर आयशर ऑलिंपिकच्या कामाला लागला होता. जर्मनीत याआधीचं उन्हाळी ऑलिंपिक १९३६ चं, बर्लिनचं: लाल झेंड्यांच्या रांगा आणि हिटलर. हे जगाच्या डोळ्यांवरून पुसायचं होतं. म्हणून आयशरच्या यादीतून लाल गेला आणि सोनेरीही गेला. आले फिकट निळा, हिरवा, पिवळा, नारिंगी, चंदेरी. थोडक्यात, बव्हेरियाच्या आभाळाचे आणि कुरणांचे रंग. देशांचे झेंडे सोडले तर ही यादी सगळीकडे: तिकिटं, पाट्या, पोस्टर, झालंच तर वाल्डी नावाचा पट्टेरी डॅक्सहुंड कुत्रा. रंगांना कामंही वाटून दिली होती, म्हणजे माणसाच्या अंगावरचा रंग पाहून त्याचं खातं कळावं. स्वागतिका फिकट निळ्या बव्हेरियन झग्यात. (त्यांच्यातली सिल्व्हिया नावाची मुलगी पुढे स्वीडनची राणी झाली, पण तो विषय वेगळा.)

सुटे भागही असेच मोजके. अक्षरं एकाच घराण्यातली, युनिव्हर्स. खेळांची चिन्हं चौकटींच्या जाळीवर बसवलेली: डोकं म्हणजे गोळा, हातपाय आडवे, उभे किंवा ४५ अंशांत, बस्स. चिन्हांचा पहिला पद्धतशीर संच १९६४ मध्ये टोकियोने केला होता. आयशरच्या चमूने त्याला व्याकरण दिलं. कुठलंही चिन्ह कुठल्याही रंगावर ठेवा, बिघडत नाही. हे सगळं नियमपुस्तिकेत लिहून काढलेलं. आमच्यासारखंच, फक्त छापील.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पण 'आम्ही आता तसे नाही' हे केवळ रंगात सांगून भागणार नव्हतं. यजमानांना प्रसन्न, हसरे खेळ हवे होते. शिस्त, बूट, बंदुका यांचं दर्शन नको होतं. त्यामुळे क्रीडानगरीतले रखवालदारही फिकट निळ्या कपड्यांत आणि शस्त्राविना. ५ सप्टेंबरच्या पहाटे ८ पॅलेस्टिनी हल्लेखोर खेळाडूंच्या पोशाखात कुंपण चढून आत शिरले. इस्रायलच्या चमूतली ११ माणसं आणि एक जर्मन पोलीस मारला गेला. एका दिवसाच्या खंडानंतर खेळ पुन्हा सुरू झाले, त्याच रंगांच्या पताकांखाली.

यात रंगाचा दोष नाही, आणि रखवालदारांना शस्त्रं द्यायची की नाहीत हे काही आयशर ठरवत नव्हता. पण माझ्या मते तो निळा गणवेश आणि ती रिकामी कंबर हे एकाच निर्णयाचे दोन भाग होते. थीम म्हणजे वरवरचा रंग, असं आमच्यातले पुष्कळजण मानतात. म्युनिकमध्ये ती थेट फाटकापर्यंत पोचली होती. आणि तरीही, १९३६ ची आठवण असलेल्या देशाने तेव्हा दुसरं काय करावं, याचं उत्तर मला सोपं वाटत नाही.

सुटे भाग मात्र टिकले. १९७६ मध्ये माँट्रियलने नवी चिन्हं काढण्याऐवजी आयशरचीच घेतली. त्या ऑलिंपिकचं बोधचिन्ह लाल होतं.