असील : झुंजीचा कोंबडा आणि ब्रॉयलरचा पूर्वज

आजच्या भागात लढाई आहे, सेनापतीही आहे. पण नायक आहे एक कोंबडा.

दिल्लीत कोंबडी म्हटली की गाझीपूरची मंडी आणि दर्यागंजची तंदुरी आठवते. तिथल्या पांढऱ्या ब्रॉयलरच्या अंगात आपल्या असीलचे रक्त आहे. ते कसे, पाहू.

'असील' हा अरबी शब्द. अर्थ शुद्ध कुळाचा. आपला 'अस्सल' त्याच घराण्यातला. हा पक्षी सावधानमधल्या जवानासारखा ताठ उभा राहतो. मान लांब, पाय भक्कम, पिसे अंगाला घट्ट. तुरा अगदी लहान आणि चोचीखालची लोंबती कातडी जवळजवळ नाहीच. त्यामुळे शत्रूच्या चोचीत काही सापडत नाही. नर ४ ते ५ किलोंचा. कोंबडी अंडी थोडी घालते, पण खुडूक बसून पिल्ले उत्तम सांभाळते. रंगावरून पीला, नूरी, याकूब, कागर अशी नावे पडली.

नबाब असफउद्दौलाच्या लखनौत झुंजी रंगत. कर्नल मॉर्डंटच्या अशाच एका झुंजीचे चित्र योहान झोफनीने काढले. पुढे चिलियनवालाच्या लढाईत (१८४९) डिव्हिजनचे नेतृत्व करणारा जनरल वॉल्टर गिल्बर्ट आला. तो मूळचा इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा. असील आणि विलायती झुंजी कोंबडे यांच्या संकरातून तिकडे 'इंडियन गेम' ही जात घडवल्याचे श्रेय त्याला दिले जाते. इंग्लंडमध्ये १८३५ साली झुंजींवर बंदी आली, तरी ही जात टिकली, ती रुंद छातीवरच्या मांसामुळे. तिलाच पुढे 'कॉर्निश' म्हणू लागले. अमेरिकेत १९४८ साली मांसल कोंबडीची राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती कॉर्निश संकरानेच जिंकली. आजचा ब्रॉयलर मुख्यतः कॉर्निश आणि प्लायमाउथ रॉक यांच्या संकरातून आला.

नातू जगभर पोचला. आजोबा मात्र आंध्र, छत्तीसगड, ओडिशात मोजक्या पाळणाऱ्यांच्या भरवशावर उरला. ब्रॉयलर सहा आठवड्यांत विकायला तयार होतो, असीलला कितीतरी महिने लागतात. झुंज लावणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि ते योग्यच. पण झुंज गेली म्हणून पक्षी जाता कामा नये. बरेलीजवळ इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने असीलच्या संकरातून परसात पाळण्याजोगी 'कॅरी निर्भीक' ही कोंबडी तयार केली. असा संकर करायला मूळ रक्त शुद्ध हवे. पलटणच मोडली, तर नवी भरती कुणाच्या हाताखाली तयार होणार?